लहान जहाजावरची ड्यूटी

आमच्या घरात माणसाची पारख तो कोणत्या गाडीवर आहे यावरून व्हायची. आप्पा नांदेडच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या रस्त्याला जाणार, तिच्यावर ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, हे त्यांच्या निळ्या पेनानं ठरायचं. सकाळी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायला लागलं की आई स्टोव्हला पंप मारायची आणि आप्पा मांडीवर मोठा कागद घेऊन बसायचे. एका हातानं भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला खायची, दुसऱ्या हातानं नावं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. त्या कागदावर मुरमुऱ्यांची हळद लागलेली असायची आणि तोच कागद डेपोत भिंतीवर लागायचा. पुण्याच्या गाडीला ज्याचं नाव, तो आप्पांच्या मर्जीतला हे आम्हाला न सांगता कळायचं. मुखेडच्या पलीकडं, आतल्या वाडीला मुक्कामी जाणारी एक लहान जुनी गाडी होती. तिच्यापुढं एखादं नाव आलं की आई लगेच विचारायची, "का ओ, काय केलं त्यानं?" आप्पा म्हणायचे, "काय न्हाई. जरा थंड होऊ दे." नियमात असं काही नव्हतं, ही आप्पांची स्वतःची रीत होती. पण मी त्या रितीतच लहानाची मोठी झाले. मोठी गाडी म्हणजे मान आणि लहान गाडी म्हणजे याच्या हातून काहीतरी झालंय, हे माझ्या डोक्यात पाढ्यांच्याही आधी बसलं होतं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबूमामांनी औशाचं स्थळ आणलं. बाबूमामा आईचे मामेभाऊ, लातूरला शाळामास्तर, आणि लग्नं जुळवायचा त्यांना भारी नाद. मुलाचं नाव दत्ता. औशाला शेती होती, ती थोरला भाऊ बघायचा. दत्ता लातूरला बारावी करून पुण्यात स्वयंपाकाचं रीतसर शिकला होता आणि जहाजावरच्या भटारखान्यात लागला होता. जहाज मालाचं नाही, माणसांना हौसेनं फिरवणारं. आईला हे काही केल्या समजेना. "माणसं जहाजात बसून जातेत कुठं?" बाबूमामा म्हणाले, "कुठं न्हाई. धा-बारा दिवस फिरून परत तिथंच उतरतेत." "मग जातेत कामून?" याच्यावर बाबूमामांनी चहाचा घोट घेतला आणि विषय मुलाच्या उंचीवर नेला. मला दत्ता पाहिल्याबरोबर आवडला, हे आता लिहायला काय हरकत आहे? बघायला आला तेव्हा त्यानं माझ्या हातचे धपाटे खाल्ले आणि मोठ्या माणसांसमोर विचारलं, "ह्यात तीळ आधी घातले का थापताना?" मला कुणी आजवर असा प्रश्न विचारला नव्हता. थापताना, असं मी म्हणाले, आणि आमच्यात तेवढंच बोलणं झालं. साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं, आणि आठ दिवसांनी तो जहाजावर गेला.

मग त्याचं पहिलं पोस्टकार्ड आलं. एका बाजूला त्याच्या जहाजाचा रंगीत फोटो. जहाज कसलं, पांढरीशुभ्र चाळ उचलून पाण्यावर ठेवलेली. आईनं ते शोकेसच्या काचेला आतून चिकटवलं आणि गल्लीतली माणसं ते बघायला येऊ लागली. कुणी मजले मोजायचं, कुणी खिडक्या. "जावई कोंच्या खिडकीत?" असं एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं. भटारखाना खाली असतो, त्याला खिडकी नसते, असं कार्डात लिहिलं होतं, पण आईनं बिनदिक्कत वरच्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. आप्पांचा आनंद वेगळाच. जहाजावर अडीच हजार माणसं बसतात असं कळल्यावर ते मनातल्या मनात काहीतरी करून म्हणाले, "पन्नास गाड्या. एका टायमाला पन्नास गाड्या भरतेल." पुढचे कितीतरी दिवस डेपोतल्या प्रत्येकाला त्यांनी हे पन्नास गाड्यांचं सांगितलं.

दुसरं कार्ड आषाढात आलं. त्यावर एक लहानसं जहाज होतं, मागं काळे डोंगर, आणि मजकूर चारच ओळींचा. मला आता या लहान जहाजावर पाठवलं आहे. माणसं अडीचशेच आहेत. थंडी फार आहे. सर्वांस नमस्कार. आप्पांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून आईकडं बघितलं, आणि आईनं नेहमीचाच प्रश्न विचारला, "काय केलं असंल ओ त्यानं?" त्या संध्याकाळी आईनं ते कार्ड शोकेसमध्ये पहिल्या कार्डाच्या मागं सरकवून दिलं. अडीच हजारांवरून अडीचशे. आमच्या घरात याचा अर्थ कुणाला सांगायची गरजच नव्हती.

आप्पांनी सरळ दत्ताच्या वडिलांना विचारलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण डेपोतल्या माणसाची चौकशी डेपोच्याच वाटेनं जाते. त्यांनी लातूरच्या गाडीवरच्या एका कंडक्टरला हळूच सांगितलं, त्यानं लातूरला औशाच्या गाडीवरच्याला, आणि त्यानं औशाच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता विषय काढला. चार दिवसांनी उलट टपाली निरोप आला, "पोरगं तसं चांगलंय, पण काहीतरी झालंय मनलालेत." खरं तर नांदेडचे कंट्रोलर विचारलालेत म्हणजे काहीतरी झालंच असणार, असं औशातल्या माणसांनी धरलं होतं. आम्हीच सोडलेली वावडी आमच्याच दारात परत आली आणि आम्ही ती बातमी म्हणून घेतली. दुसऱ्या खेपेला त्यात दारू आली. तिसऱ्या खेपेला त्यानं वरच्या साहेबाच्या अंगावर ताट फेकलं होतं. आई म्हणाली, "ताटात काय व्हतं, हे बी विचारा की." पण हसू तिलाही आलं नाही.

माझी अवस्था विचारू नका. सकाळी भाकरी थापताना वाटायचं, तीळ कधी घातले हे विचारणारा माणूस ताट कशाला फेकेल? दुपारी कपडे वाळत घालताना वाटायचं, माणूस ओळखायला चार वाक्यं पुरतात होय? आप्पा तीस वर्षं माणसं बघत आलेत, ते चुकतील का? मी त्याला पत्रं लिहीत होते. जहाजाच्या कंपनीचा एक पत्ता होता, त्यावर टाकलं की महिन्याभरानं मिळायचं. त्या दोन महिन्यांत मी चार पत्रं लिहिली. अंबाडीला यंदा पानं बारीक आहेत असं लिहिलं. आईचा गुडघा दुखतो असं लिहिलं. माझ्या परीक्षेचं लिहिलं. तुम्हाला लहान जहाजावर का पाठवलं, हे एक वाक्य काही माझ्या पेनातून उतरलं नाही. विचारलं तर त्याला शंका कळेल, आणि नाही विचारलं तर मला ती चावत राहील. मी चावून घेणं पसंत केलं. असं का केलं, हे मला आज पन्नाशीतही नीट सांगता येत नाही.

माझी मैत्रीण नसरीन मात्र खटपटी. तिचा भाऊ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता आणि कॉलेजात नुकतंच इंटरनेट आलं होतं. "रडून काय होतंय? भाईजानला विचारू," असं म्हणून ती मला घेऊन गेली. त्यानं दोन पानं छापून दिली, इंग्रजीत. आम्ही दोघी तिथल्या धरणाच्या भिंतीजवळ बसलो आणि डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावू लागलो. मोठं जहाज पाण्याखालीच कितीतरी फूट असतं, त्याला खोल बंदर लागतं. लांब धक्का लागतो, वळायला जागा लागते. वाटेत पूल असला तर वरचा भाग अडकतो. शिवाय अडीच हजार माणसं एकदम उतरली तर लहान गावाचा श्वास कोंडतो, म्हणून काही गावं मोठ्या जहाजाला येऊच देत नाहीत. तेव्हा कंपन्या मोठी जहाजं मोठ्या बंदरांना लावतात आणि लहान जहाजं आडवळणाच्या गावांना. इथवर माझा जीव भांड्यात पडत होता. मग दुसरं पान आलं. काही लहान जहाजं म्हणजे जुनी, उतरती, शेवटची काही वर्षं काढायला आडवाटेला लावलेली असतात. आणि काही लहान जहाजं सगळ्यात भारी असतात, तिथले प्रवासी निवडक आणि नोकरही निवडून घेतलेले. आमचं जहाज यातलं कोणतं, हे त्या पानावर कुठं असणार? नसरीन म्हणाली, "फोटूवरून नवं दिसतंय का जुनं?" फोटो पोस्टाचा, त्यात सगळंच नवं दिसतं. समोर गोदावरीचं एवढं पाणी पसरलेलं होतं, त्यात एक होडी नव्हती. मी ती पानं घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आम्ही आलो होतो त्याहून जास्त गोंधळून घरी परतलो.

त्या रात्री जेवताना मी धीर करून विचारलं, "आप्पा, मुखेडच्या आतल्या गाडीवर तुम्ही दर वेळी बिघडलेलाच माणूस पाठवता का?" आप्पांनी भाकरीचा तुकडा वरणात तसाच धरून ठेवला. आप्पा खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "न्हाई. पाणी चढलं, रस्ता फुटला, की तिथं भरवशाचा माणूस लागतंय. एवढ्याशा वाटेत गाडी वळवायची मनजे खेळ न्हाई. तवा मी पुण्याच्या गाडीवरचा पवार काढून तिकडं लावतो."

"मग कागदावर दोघांची नावं सारखीच दिसतात."

"दिसतेत की."

"मग बाहेरच्यानं ओळखायचं कसं?"

"बाहेरच्याला वळखायची गरजच काय?" आप्पा म्हणाले. "मला मालूम आसतंय ना."

म्हणजे कुठल्याशा देशात, कुठल्याशा कचेरीत आमच्या आप्पांसारखा एक माणूस मांडीवर कागद घेऊन बसला असेल, आणि दत्ताचं नाव त्यानं कौतुकानं लिहिलं की रागानं, ते फक्त त्याला ठाऊक. आईनं मला आणखी वरण वाढलं. ते मला नको होतं, पण मी खाल्लं.

चौकशीची कुणकुण अखेर दत्ताच्या आईला लागलीच. तिनं बाबूमामांकडून निरोप धाडला, आणि बाबूमामा तो सांगताना जमिनीकडं बघत होते. "आमच्या लेकराची चौकशी स्टँडवर चहा पीत करायची न्हवती. आमचं दार बंद न्हवतं. शंका आसंल तर आमची साडी परत धाडा, अंगठीबी धाडा. आमी बोल लावणार न्हाई." बाबूमामा म्हणाले, "अजूनबी माफी मागितली तर सावरंल." आप्पांना माफी मागायची सवय नव्हती. डेपोत त्यांची कुणी मागितलेली त्यांनी पुष्कळ घेतली होती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, येत्या रविवारी मी स्वतः औशाला जाऊन साडी देऊन येतो, शिक्षेवर गेलेल्या माणसाला पोरगी द्यायची न्हाई. आईनं ती डाळिंबी साडी घडीवर घडी करून पिशवीत घातली आणि वर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. मला कुणी विचारलं नाही. मी रागावले होते का? हो, पण कुणावर ते कळत नव्हतं. आप्पांवर, दत्तावर, त्याच्या त्या चार ओळींवर, की माझ्या चार पत्रांवर? मी ते वर्तमानपत्र दोनदा काढून साडीला हात लावून परत झाकलं.

शनिवारी दुपारी दत्ता आला. जहाजावरून सुटून औशाला आलेला तो लातूरहून नांदेडच्या गाडीत चढला, आणि बोलता बोलता नाव निघताच कंडक्टरनं त्याला ओळखलं. ज्या माणसाची चौकशी महिनाभर आपल्या हातून गेली तोच समोर बसलाय म्हटल्यावर त्या कंडक्टरनं नांदेडला उतरताच त्याला सरळ कंट्रोल रूममध्ये नेऊन उभं केलं. "साहेब, तुमचे जावई आणलेत." आप्पांची काय गाळण उडाली असेल, ती मला बघायला मिळाली नाही याचं अजून वाईट वाटतं. अर्ध्या तासानं दोघं रिक्षानं घरी आले. दत्ता वाळला होता आणि उजळला होता, हातात एक बॅग. त्यानं आईला नमस्कार केला. आईनं साडीची पिशवी पायानं पलंगाखाली सरकवली, पण त्यानं ती बघितली असं मला वाटतं.

आप्पांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "एक विचारू का? तुम्हाला लहान गाडी कामून दिली?" ते जहाजाला शेवटपर्यंत गाडीच म्हणत राहिले. दत्तानं आईकडून माझ्या वहीचं पाठकोरं पान मागून घेतलं आणि समजावून सांगू लागला. मोठ्या जहाजाला किती पाणी लागतं, धक्का नसला तर जहाज लांब उभं करून माणसं होडीनं कशी उतरवतात, डोंगरांच्या मधून पाणी आत शिरतं तिथं शेवटाला एखादं पाच-पन्नास घरांचं गाव असतं आणि तिथं लहान जहाजच कसं जातं. आप्पा पुढं सरकून बसले. "आन् वळायला?" "जागच्या जागी वळतंय, मामा." "आमच्या वाडीच्या गाडीला पाच खेपा मागंपुढं करावं लागतंय," आप्पा म्हणाले, आणि दोघं खरंच रंगले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. त्या पानावर आता समुद्र, डोंगर आणि मुखेडची वाडी एकत्रच आली होती. मग आप्पा एकदम थांबले. "हे समदं बरोबर हाय. लहान गाडी त्या वाटंला लागती, मान्य. पन तुमालाच कामून लावलं?"

दत्ताची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली, तिथं आईनं लग्नाच्या तारखेभोवती कुंकवाचं बोट लावलेलं होतं. मग तो खाली बघून म्हणाला, "मामा, मी मागून घेतलं."

"काय?"

"लहान जहाज मागून घेतलं. मोठं जहाज उन्हाच्या मुलखात बारा महिने चालतंय. त्याच्यावर मला फेब्रुवारीशिवाय सुटी न्हवती. ही वरच्या अंगाची बंदरं थंडीला बंद व्हतेत, मग जहाज दुसरीकडं न्यायच्या आधी निम्म्या माणसांना सोडतेत. लगीन तुळशीनंतर धरलं तवा मी मोठ्यांपुढं हाव मनलो, पन तिकडं गेल्यावर ध्यानात आलं की टायमाला पोचतच न्हाई."

"मग कार्डात 'पाठवलं आहे' कशाला लिव्हलं?"

दत्ताचे कान लाल झाले. "कार्ड उघडं आसतंय ओ. पोस्टमन वाचतंय, गल्ली वाचती. सुटीसाठी मोठं जहाज सोडलं मनलं असतं तर उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग मनून सगळं नांदेड हासलं असतं."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आप्पा आधी हसले नाहीत. ते उठले, दत्तासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं, जावईबापू." मी आप्पांच्या तोंडून हे शब्द त्याआधी ऐकले नव्हते. मग ते म्हणाले, उद्या औशाला जायचंच आहे, तर माफी मागायला जातो, आणि पान आणायला चपला घालून बाहेर पडले. आई चहा टाकायला आत गेली. बैठकीत तो आणि दारात मी, एवढेच राहिलो.

त्यानं वर बघितलं. "तुमालाबी तसंच वाटलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणाले. "मला एक दिवससुद्धा तसं वाटलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी अजून विसरलेले नाही. लग्न ठरल्या तारखेला झालं. पुढं ह्यांनी आठेक वर्षं जहाजं केली, मग लातूरला विद्यार्थ्यांची खाणावळ काढली, ती चांगली चालते. आमचं बरं चाललंय, दोघांचंही. मागल्या वर्षी माझ्या पुतण्याला जहाजावर नोकरी लागली. जहाज बदलून मागता येईल का, असं तो ह्यांना विचारत होता. हे कणीक तिंबता तिंबता सहज म्हणाले, "तिथं मागून काय मिळत न्हाई बाबा. धाडतेल तिथं जायचं." मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. ह्यांच्या लक्षातही आलं नाही. पूर्वी मिळत असेल, आता नियम बदलले असतील, किंवा पोराला उगाच आशा नको म्हणून म्हणाले असतील. मी विचारलं नाही. त्या दुपारी आमच्या बैठकीत ह्यांनी जे सांगितलं ते खरं होतं का, मला माहीत नाही. मी जे सांगितलं ते खोटं होतं, हे मात्र मला माहीत आहे, आणि ह्यांनी ते आजवर खरं धरलंय.